मंजुरीच्या चार ओळी

त्या चार ओळी मी लिहिल्या. सरांनी सांगितलं म्हणून लिहिल्या, हे खरं; पण सांगितलं होतं त्याहून जास्त चोख लिहिल्या, हेही खरं. अजूनही कुणी माझ्या कामाचं कौतुक करू लागलं की त्या ओळी आठवतात आणि समोरच्या माणसाचा राग येतो. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

काम काय ते आधी सांगते. जव्हारला परत आल्यापासून मी ते सांगतेच आहे, आणि शेजारच्या निवृत्त गुरुजींना अजून वाटतं की मी घरी बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. ॲप किंवा वेबसाइट कुणीतरी लिहितं. ती लोकांपर्यंत पोचायची तर सर्व्हरवर चढवावी लागते. पूर्वी हे हाताने करत, आणि हाताने केलं की एखादी फाइल राहून जायची, एखादी जुनीच चढायची. आता ते एक साधन आपोआप करतं. मात्र साधनाला स्वतःची अक्कल नसते. आधी काय, मग काय, चाचणी कुठे घ्यायची, फसली तर कुठे थांबायचं, कुणाला विचारायचं, हे सगळं त्याला एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. त्या फाइलला कॉन्फिगरेशन म्हणतात. ओळीआधी दोन जागा सोडायच्या म्हणजे दोनच. तीन सोडल्या की सगळं अडतं. मी या फाइली लिहिते. आधी ठाण्याला कंपनीत बसून लिहायचे, आता जव्हारला घरी बसून. चांगली लिहिलेली फाइल कुणी पुन्हा उघडून बघत नाही. त्या कामात हार-तुरे नसतात, म्हणून ते मला आवडायचं.

मग एका संस्थेचं काम आलं. संस्था मुंबईची, तिची हंगामी वसतिगृहं आमच्या भागात. भात कापून आणि नागली झोडून झाली की मोखाड्याकडच्या पाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. तेवढे महिने पोरांनी शाळा सोडून भट्टीवर जाऊ नये, म्हणून ही वसतिगृहं. खोडाळ्याच्या वसतिगृहावर एक बाई आहेत. तिथल्याच एका पाड्यावर वाढलेल्या, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या तर समोरच्याने खुर्ची सावरून बसावं अशा. त्यांच्याकडे प्रवेशाची एक वही होती. नाव, पाडा, आईबाप कोणत्या भट्टीवर, आणि शेवटी त्यांनी स्वतः आखलेला एक रकाना: अंधाराला भितं का.

या वहीच्या जागी ॲप यायचं होतं. ॲप दुसऱ्या कुणी लिहिलं. ते सर्व्हरवर आपोआप चढण्याची व्यवस्था माझ्याकडे होती.

भाद्रपदात जव्हारला बैठक झाली. जव्हारचं राजसंस्थान कधीच विलीन झालं, पण आमच्याकडे सतरंजी अंथरून मधोमध उंच खुर्ची ठेवली की दरबार अजूनही भरतो. संस्थेचे संचालक मुंबईहून आले होते. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. सरांनी सांगितलं की ॲपचं लोकार्पण होईल. मोठे पाहुणे येतील, मंचावर पडदा असेल, पाहुणे बटण दाबतील आणि त्या क्षणी ॲप सुरू होईल. मी म्हटलं, ॲप आदल्या दिवशीच सुरू करून ठेवू, बटण नुसतं दाखवायला ठेवू. सर दुखावले. म्हणाले, "मॅडम, नाटक नको. खरोखर त्यांच्याच हातून झालं पाहिजे."

मग ते बोहाड्यावर आले. मुंबईचा माणूस घाट चढून आला की बोहाडा, तारप्याचा नाच किंवा भिंतीवरची चित्रं, यांतल्या एकावर त्याला यावंच लागतं. बोहाडा हा आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. त्यात प्रत्येक सोंगाचा मान ठरलेल्या घराकडे असतो, दुसरं कुणी ते सोंग नाचवत नाही. तसाच हा मान पाहुण्यांचा, असं सर म्हणाले. बैठकीतल्या लोकांना ते फार पटलं. कोपऱ्यात बसलेल्या खोडाळ्याच्या बाई तेवढ्या खिडकीबाहेर बघत होत्या.

त्या संध्याकाळी मी त्या चार ओळी लिहिल्या. फाइलमध्ये त्या इंग्रजीत आहेत. मराठीत सांगायचं तर अशा: इथे थांब. मंजुरी फक्त पाहुण्यांच्या या एका खात्यावरून घे. इतर कुणालाही, फाइल लिहिणाऱ्यालाही, हा टप्पा ओलांडता येणार नाही. मुदत नाही.

पहिल्या दोन सरांच्या सांगण्यावरून. पुढच्या दोन माझ्या. एरवी अशा टप्प्यावर आणखी एक-दोघांची नावं ठेवतात, म्हणजे एक आजारी पडला तर दुसरा असतो. एरवी किती दिवस थांबायचं याची मुदतही असते. मी दोन्ही काढून टाकलं. सर म्हणाले होते, चुकून आधी कुणी दाबायला नको. मला थोडी गंमत वाटली, थोडा अभिमान वाटला, आणि मंचावरच्या माणसाला खरंखुरं काहीतरी करायला लावण्यात मजा आहे असंही वाटलं. भपक्याला हसणारी माणसं भपक्याची कामं किती मन लावून करतात, हे मी स्वतःवरून सांगते.

आणखी एक गोष्ट मी केली. अशा कामात दोन साइट असतात. एक चाचणीची, एक खरी. दोन्ही दिसायला सारख्या. चाचणीच्या साइटवर खोटी नावं टाकून सराव करायचा. ती दर पहाटे सगळी नावं पुसून पुन्हा कोरी होते, तसं मीच फाइलमध्ये लिहिलेलं. घोटाळा नको म्हणून तिच्या डोक्यावर मी एक पिवळी पट्टी ठेवली होती: ही चाचणी आहे. सरांना पुस्तिकेसाठी पडद्याचे फोटो हवे होते आणि पट्टी फोटोत वाईट दिसत होती. फाइलमध्ये पट्टीसमोर 'हो' होतं, ते मी 'नाही' केलं. फोटो झाल्यावर पुन्हा 'हो' करायचं राहिलं.

ॲप दसऱ्याआधी तयार झालं. चाचण्या पार करून ते माझ्या त्या ओळीपाशी आलं आणि थांबलं. खऱ्या साइटवर 'लवकरच आपल्या सेवेत' असं पान झळकू लागलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं लोकार्पण पुढे गेलं, कारण पाहुणे परदेशात होते. वाघबारशीच्या आधीचं पुढे गेलं, कारण त्यांच्या पाठीत उसण भरली. मग दिवाळीनंतर बघू असं ठरलं. मधल्या काळात सर बाईंची वही मुंबईला घेऊन गेले. संस्थेच्या कार्यालयात ती काचेच्या पेटीत ठेवायची होती, आपला प्रवास म्हणून. आणि एक परिपत्रक आलं: यंदापासून ॲपमध्ये नाव असलेल्या मुलांनाच वसतिगृहात ठेवावं. वही काचेत, ॲप मंजुरीच्या रांगेत, आणि परिपत्रक मात्र लागू.

पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरची एक आई दिवाळीनंतरच्या खोडाळ्याच्या बाजाराला आली आणि बाजार आटोपून वसतिगृहावर गेली. तिला दोन मुली. धाकटी अजून कडेवर, थोरली सातवीत. थोरलीला ठेवायचं होतं. वसतिगृहाच्या बाईंकडे सरावासाठी दिलेला टॅब होता. त्यांनी तो उघडला. पट्टी नव्हती. बाईंना वाटलं, सुरू झालं वाटतं एकदाचं. त्यांनी मुलीचं नाव भरलं, पडद्यावर हिरवी खूण आली, 'प्रवेश निश्चित' अशी अक्षरं आली. बाईंनी ती आईला वाचून दाखवली.

आई घरी गेली. तिची जाऊ यंदा या मुलीसाठी मागे राहणार होती. वसतिगृहाचं नक्की नव्हतं, म्हणून दोघींनी तसं ठरवलं होतं. नाव लागलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी जाऊ आपल्या माणसांबरोबर दुसऱ्या मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून गेली.

त्याच्या पुढच्या सकाळी बाईंनी टॅब उघडला, तर नाव नाही. त्यांनी मला फोन केला. आवाज नेहमीसारखाच होता.

"ताई, मी भरलेलं नाव कुठं गेलं?"

मी साइट उघडली आणि मला कळलं. मी त्यांना सगळं सांगितलं: ती चाचणीची साइट, ती रोज कोरी होते, पट्टी मी काढली होती. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. संपल्यावर विचारलं, खरी कधी सुरू होणार. मी पाहुण्यांचं सांगितलं.

"म्हणजे मानकरी आला नाही म्हणून सगळं अडलंय."

मी हो म्हटलं.

"आमच्या पाड्यावर मानकरी आला नाही तर त्याच्या नावाचा नारळ ठेवतात आणि सोंग काढतात," बाई म्हणाल्या. "रातभर माणसं ताटकळत नाय ठेवत. तुमच्यात नारळ ठेवायची सोय नाय का?"

नव्हती. सोय ठेवायची नाही, हेच तर मी लिहिलं होतं. सरांनी बोहाड्याचा दाखला दिला तेव्हा आम्हाला अर्धा बोहाडा सांगितला, आणि उरलेला अर्धा ज्यांना माहीत होता त्यांना कुणी विचारलं नाही.

पोशेऱ्याच्या त्या कुटुंबाचा ट्रक शनिवारी निघणार होता. हातात तीन दिवस होते. बाईंनी आईला निरोप धाडला की मुलीला आणून सोड, मी ठेवते, नावाचं नंतर बघू. आईने उलट निरोप धाडला की नाव नसेल तर नको. त्यातलं कारण बाईंना ठाऊक होतं, त्यांनी मला सांगितलं. आदल्या साली तिच्या भावाचा मुलगा दुसऱ्याच कुठल्या वसतिगृहात असाच नावावाचून राहिला होता. तपासणी आली, यादीत नाव नाही म्हणून त्याला घरी पाठवलं. घराला कुलूप. दोन दिवस तो पाड्यावर या दारात, त्या दारात जेवला. तेव्हा नाव नसेल तर नको.

आणि मी काय केलं, तर सरांना ईमेल लिहिला. परिस्थिती अशी आहे, मंजुरीचा टप्पा तात्पुरता काढण्याची परवानगी मिळावी. आदरपूर्वक. फाइल माझ्या ताब्यात होती. टप्पा ओलांडता येत नव्हता, पण टप्पाच पुसून टाकायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. चार ओळी निवडायच्या आणि खोडायच्या. तरी मी परवानगी मागितली. आमच्या घराण्यात सगळे गुरुजी आणि कारकून; वरून कागद आल्याशिवाय हात हलत नाही, ते मी ठाण्यापर्यंत जाऊन परत आणलं.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. गोड आवाजात म्हणाले की पाहुण्यांची तारीख जवळजवळ मिळालीच आहे. मी शनिवारचं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, एका मुलीसाठी आपण सगळ्या कार्यक्रमातली हवा काढायची का? आठवड्याचा प्रश्न आहे." मी म्हटलं, ट्रक आठवडा थांबत नाही. म्हणाले, विचार करून कळवतो. मी ठीक आहे म्हटलं. हे ठीक आहे मी का म्हटलं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि सापडलं तरी ते मला फारसं शोभणारं नसेल.

शुक्रवारी काही कळलं नाही. शनिवारी दुपारी बाईंचा फोन आला, ट्रक गेला. वसतिगृहात यायच्या बाकीच्या पोरांना आजी-आजोबा होते, एखादा काका होता, ती पाड्यावर थांबली होती. या मुलीला कुणी नव्हतं. ती ट्रकमध्ये बसली.

फोन ठेवून मी फाइल उघडली आणि त्या चार ओळी खोडल्या. साधनाने आपलं काम सुरू केलं. चाचण्या झाल्या, ॲप खऱ्या सर्व्हरवर चढलं, 'लवकरच' गेलं. सहा मिनिटं लागली. तेवढ्यात चहाही उकळत नाही नीट. दसऱ्यापासून थांबलेली गोष्ट सहा मिनिटांची होती. त्यानंतर मी पट्टीसमोर 'हो' लिहिलं. मग बाईंनी खऱ्या साइटवर मुलीचं नाव भरलं आणि मला तसं कळवलं. शाबासकी वगैरे काही नव्हती.

सरांना मी एका ओळीत कळवलं की ॲप सुरू केलं आहे. त्यांचा ताबडतोब फोन आला. परवानगी तीन दिवसांत आली नव्हती, रागाला तीन मिनिटं लागली नाहीत. बरंच बोलून झाल्यावर त्यांनी खरा प्रश्न विचारला. आता पाहुणे काय दाबणार?

"बटण," मी म्हटलं. "ते आहेच."

पुढच्या आठवड्यात बाई आणि मी भट्टीवर गेलो. एसटीने, मग रिक्षाने, मग पायी. भट्टी भिवंडीच्या बाजूला होती. आई विटा थापत होती. थोरली धाकटीला घेऊन झोपडीच्या सावलीत होती. आम्हाला बघून ती उठली नाही. बाईंनी तिला हाक मारली तेव्हा तिने धाकटीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, एवढंच.

बाईंनी सांगितलं की नाव लागलं, या वेळी खरं लागलं. मी टॅब पुढे केला. आईने हातांकडे बघितलं. ते चिखलाचे होते. टॅब काही घेतला नाही.

"त्या दिवशी पण दावलं होतं की," ती म्हणाली. "असंच. हिरवं हिरवं."

मी सांगू लागले की ती चाचणी होती, ही खरी आहे. सांगता सांगता मला माझंच ऐकू येऊ लागलं आणि मी टॅब पिशवीत ठेवला. बाईंनी माझी बाजू घेतली नाही. त्या म्हणाल्या, "ताईची चूक हाय आणि माझी पण हाय. पोर दे आता."

"आता कशी देऊ? थोरली हाय म्हणून जास्तीच्या विटा अंगावर घेतल्या मी. हिला कोण बघणार?" तिने धाकटीकडे हनुवटी केली. "जाव राहिली असती तर थोरली घरीच राहिली असती. शाळेत गेली असती. जावेला तर तुमच्या भरवशावर धाडली मी." मग तिने मला विचारलं, "तुमी इंजिनियर ना?"

मी हो म्हटलं.

"मंग हे चालू करायला कोण मोठा माणूस लागत होता?"

कुणी नाही, असं मी सांगितलं. तिने मान हलवली, जशी आपण वजनात मारणाऱ्या दुकानदारापुढे हलवतो, आणि पुन्हा साचा उचलला. आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. एसटीत बाई एवढंच म्हणाल्या की पोरीचे हात भेगाळलेत.

लोकार्पण झालं. जव्हारला, मांडवात, पाहुणे दोन तास उशिरा. त्यांच्या बटणासाठी मी एक वेगळं पान केलं होतं: दाबलं की पडद्यावर वरून झेंडूची फुलं पडायची. ते पान ॲपला कुठेही जोडलेलं नव्हतं. फुलं पडायचा वेग सरांना तीनदा बदलून हवा होता. त्या फुलांवर मी मंजुरीच्या चार ओळींपेक्षा कितीतरी जास्त वेळ घालवला, आणि याचा मला जेवढा राग आहे तेवढा पाहुण्यांचाही नाही. पाहुण्यांनी बटण दाबलं, फुलं पडली, टाळ्या झाल्या. तोवर ॲपवर खोडाळ्याची सगळी पोरं लागून गेली होती. पाहुणे म्हणाले की आजपासून एकही मूल शाळेबाहेर राहणार नाही. सरांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, पहिलं नाव ज्या मुलीचं लागलं तिला पुष्पगुच्छ द्यायला मंचावर आणता येईल का. मी त्यांना भट्टीचं ठिकाण सांगितलं आणि रिक्षा कुठून मिळते तेही. ते निवेदकाकडे गेले.

जावेबरोबर दुसऱ्या भट्टीवर गेलेली सासू पौषात त्या आईकडे येऊन राहिली, धाकटीला बघायला. त्यानंतरच्या रविवारी आई थोरलीला घेऊन खोडाळ्याला आली. बाईंनी मला आधी कळवलं होतं, म्हणून मी गेले होते. फाटकाच्या आत यायला ती तयार नव्हती. म्हणाली, आधी नाव बघू. बाईंनी टॅब आणला. आईने तो मुलीच्या हातात दिला आणि तिला वाचायला लावलं. मुलीने नाव वाचलं, पाडा वाचला, 'प्रवेश निश्चित' वाचलं. दिवाळीपासूनची शाळा तिची बुडाली होती. वाचताना ती दोनदा अडली, आणि आईने दोन्ही वेळा माझ्याकडे बघितलं.

"आता हे पुसणार कोण?" आईने विचारलं.

"कुणी नाही."

"बंद कोण करणार?"

खरं उत्तर एकच होतं. "करायचं झालं तर मीच," मी म्हटलं.

"मंग तुमचा नंबर द्या."

मी दिला. तिने मोबाइल मुलीकडे देऊन तो त्यात घालून घेतला, मला मिस कॉल देऊन माझा फोन वाजतो का ते बघितलं, मग मुलीची पिशवी फाटकाच्या आत ठेवली. चहाला थांबली नाही. भट्टीवर संध्याकाळपर्यंत पोचायचं होतं.

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो. मुलीची चौकशी ती बाईंकडे करते, मला फक्त विचारते, "चालू हाय ना?" पहिल्यांदा मी नुसतंच हो म्हटलं, तर म्हणाली, बघून सांगा. आता ती फोनवर थांबते, मी खरी साइट उघडते, खोडाळ्याच्या यादीत ते नाव शोधते, आणि मग हो म्हणते.